चार फुटांचा बोळ

उचललेलं पाऊल कुमुदिनीनं परत खाली ठेवलं, होतं तिथंच. समोर भिंत होती. चांगली पुरुषभर उंच, विटांची, चुना अजून ओला. पाच दिवसांपूर्वी इथं नुसती पायाच्या दगडांची ओळ होती आणि निऱ्या जराशा उचलून, तांब्या सांभाळून ती ओलांडून गेली होती. कुणाच्या तरी कुंपणाचा पाया असेल, दार ठेवतील, असं तेव्हा मनात येऊन गेलं होतं. मग चार दिवस ती बाहेरची होती. मागच्या दाराशी घोंगडीवर बसून तिनं ते काढले, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाली, सोवळ्याचं लुगडं नेसली, विहिरीचं पाणी तांब्यात भरून निघाली. आणि तेवढ्यात गवंड्यांनी आळीचं टोक बुजवून टाकलं होतं. भिंतीपलीकडून खाचरातल्या पाण्याचा वास येत होता. बेडूक ओरडत होते. तिकडचं सगळं होतं तसंच चाललेलं होतं आणि आपल्याला फक्त ते दिसत नाही, याचं तिला काहीतरी विलक्षण वाटलं. माणूस गेल्यावर त्याच्या खोलीतलं घड्याळ टिकटिकत राहतं तसं.

कुणाला हाक मारावी तर तोंड उघडायची सोय नव्हती. नेमच तसा होता. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत रोज सकाळी घरच्या विहिरीचं तांब्याभर पाणी अंबरनाथाच्या पिंडीवर घालायचं. वाटेत तांब्या जमिनीला टेकवायचा नाही, आणि पाणी पिंडीवर पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हा नवस नव्हता. नवसात मागणं असतं, आणि मागणं कुमुदिनीनं कधीच सोडून दिलं होतं. रागानं नव्हे, संकोचानं. देवाला सारखं काय सांगायचं. त्यापेक्षा गप्प राहून त्याच्यापर्यंत चालत जावं, तेवढा तास आपला. संसारात बाईचं गप्प राहणं पुष्कळ असतं, पण ते लोकांसाठी. हे गप्प राहणं तिचं स्वतःचं होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, अंबरनाथला येऊन चार. या चार वर्षांत तिच्या मालकीचं म्हणावं असं एवढंच झालं होतं: एक तास आणि एक बांध.

बांधच तो. आळी संपली की दोन खाचरांमधून सुरू व्हायचा, दहा मिनिटांत पालेगावच्या गाडीवाटेला लागायचा, आणि गाडीवाटेपलीकडे नदी आणि देऊळ. सडकेनं जायचं तर आधी उलटं स्टेशनापर्यंत, मग कारखान्याच्या कुंपणाकडेनं, गावाला वळसा. येऊन-जाऊन दोन तास. नवऱ्याची, शरदचंद्रांची, गाडी आठ-सतराची. त्यांचा डबा कुणी करायचा? ती उभी राहिली. भिंतीवरून एक सरडा तिच्याकडे बघत होता. मग भरलेला तांब्या घेऊन ती मागे फिरली, घरी आली, आणि ते पाणी तिनं तुळशीला घातलं. तुळस काही वाईट नव्हे. पण पाणी मुळाशी मुरताना तिला कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली, भर पंगतीत कुणी वाढलेलं ताट उचलून नेलं असतं तर वाटली असती तशी.

थोड्या वेळानं विठा आली. पालेगावची, बोलताना ‘ड-ढ’चा पुष्कळदा ‘र’ करणारी ही बाई रोज बेल-फुलं आणि काकड्या-पडवळ घेऊन आळीत यायची, बांधावरून पंधरा मिनिटांत. आज ती तासभर उशिरा आली आणि पायरीवर बसकण मारून तिनं पाटी उतरवली. “बाय, तुमच्या लोकांनी आमाला गंगेला धारलाय,” ती म्हणाली, “सडकेनं आलू. पाय मोरले. बेलाची पानं बग, तीन पानांची दोन झाली वाटेत.”

“तू परत कशी जाशील?”

“कशी जाईन? उरत.” हात पंखांसारखे हलवून ती हसली. मग हसू आवरून भिंतीच्या दिशेनं हनुवटी उडवून म्हणाली, “तो बांध माज्या सासऱ्यानी घातलेला. घालताना बोट चेपलेला त्याचा. तुमी लोकांनी त्याच्यावरच भिंत चरवली. घट जागा गावली ना आयती.”

कुमुदिनी काही बोलली नाही, आणि आता तर नेमाचाही अडसर नव्हता. ‘तुमी लोक’ हा शब्द तिला लागला. या कॉलनीच्या सोसायटीचा नकाशा काढला होता तो शरदचंद्रांनी.

संध्याकाळी त्यांनी तो तिला दाखवला. मुंबईच्या एका हापिसात दिवसभर नकाशे काढून घरी आल्यावरही त्यांची बोटं शाईची असायची, आणि कॉलनीचा नकाशा उलगडताना चेहऱ्यावर जे येई ते तिनं एरवी फक्त त्यांना ताप उतरल्यावर पाहिलं होतं. “हे बघ,” ते म्हणाले. “खाचर. खाचर. पडीक. वाट कुठाय?”

“बांध आहे.”

“बांध म्हणजे वाट नव्हे. मी स्वतः मोजणी केलीय. पंधरा दिवस वैशाखाच्या उन्हात उभा होतो. लोक वाट्टेल तिथून चालत होते. शेतातून, कोनातून, तिरके. ठरलेली वाट अशी एकही नाही, तसं मी लिहूनही दिलंय.”

कुमुदिनी नकाशाकडे बघत राहिली. वैशाखात. तेव्हा खाचरं वाळून कडक झालेली असतात, ढेकळांतून कुठूनही जावं, सगळी जमीनच वाट. म्हणून यांना एकही दिसली नाही. मृगापासून दिवाळीपर्यंत त्याच जमिनीत गुडघाभर पाणी, लावणीचं भात, आणि पाय ठेवायला जागा म्हणाल तर एक हातभर बांध. “अहो,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही पावसात जायला हवं होतं.”

“आता तू मला मोजणी शिकव,” ते म्हणाले. पण रागावून नव्हे. मग त्यांनी समजावून सांगितलं. आळ्या टोकाला बंद ठेवायच्या हे सोसायटीच्या कमिटीनं ठरवलेलं, कमिटीतल्या चिंतामणरावांचा तसा आग्रहच होता. एका बाजूनं आत यायचं, त्याच बाजूनं बाहेर. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ नको, गुरं नकोत, कॅम्पातले फेरीवाले नकोत. विलायतेत आता असंच बांधतात. आळी कशी निवांत राहते, घरासारखी.

घरासारखी. तिला तिचं कोकणातलं घर आठवलं, आंजर्ल्याच्या बाजूचं. तिथं घराघराच्या अंगणातूनच वाट जायची. वाडीला बेडं असायचं, दोन दगडी खांबांत अडकवलेले बांबू. कुणीही यावं, बांबू सरकवावा, अंगणातून जावं, जाताना ‘काय वहिनी, आमसुलं घातलीत का’ विचारावं, पलीकडचा बांबू काढावा आणि मागे आठवणीनं लावावा. बेडं गुरांसाठी होतं. माणसाला अडवायची रीत तिनं लग्नानंतर पाहिली. आणि कॅम्प. उल्हासनगर हे नाव कागदावर आलं होतं, पण निर्वासितांच्या त्या वस्तीला लोक कॅम्पच म्हणत. दोन वर्षांपूर्वी ती यांच्याबरोबर तिथं कापड घ्यायला गेली होती. मिलिटरीच्या लांबच लांब बराकी, एकीमागे एक, वळसा घालता घालता पाय दुखावेत अशा. आणि एक सिंधी म्हातारी, डोक्यावरचा पदर दातांत धरून, खलातला बत्ता घेऊन बराकीची भिंत पाडत होती. घाई नव्हती तिला. दोन ठोके घालायची, विटेला हलवून बघायची, पुन्हा दोन ठोके. आत एक बाई पापड लाटत बसली होती, तिनं मान वर करूनही बघितलं नाही. शरदचंद्र तेव्हा म्हणाले होते, या लोकांनी सगळा आराखडा बिघडवला. कुमुदिनीला मात्र त्या भोकातून पलीकडच्या गल्लीतला उजेड आत आलेला दिसला होता आणि त्या उजेडात पिठाची धूळ.

नकाशात पाच आळ्या होत्या, फणीच्या दातांसारख्या, पाचही टोकाला बंद. तिनं बोट ठेवलं. “आणि हे काय? ही बारीक जोडरेघ?”

“तो... मागचा बोळ. सॅनिटरी लेन.”

“हा बंद नाही कुठं.”

“नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “टोपल्यांचे संडास आहेत, कुमुद. टोपल्या उचलायला ती माणसं येणार कुठून मग?”

सगळ्या घरांच्या पाठीमागून, एका आळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, आणि शेवटी भिंतीच्या कडेनं बाहेर, थेट बांधावर. सबंध कॉलनीत उघडी वाट एकच राहिली होती आणि ती कुणी वाट म्हणून मोजली नव्हती. “किती रुंद आहे?” तिनं विचारलं.

“चार फूट. एक माणूस आणि डोक्यावर डबा. जास्त कशाला लागतंय?” आणि मग, तिच्याकडे न बघता, “तुला काय करायचंय त्याचं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांब्या घेऊन मागच्या दारानं बाहेर पडली. या दाराशी ती महिन्याचे चार दिवस बसे. तेव्हा तिला कुणी शिवत नसे. वृंदावहिनी, चिंतामणरावांच्या पत्नी, मायेनं डबा पाठवीत आणि तो उंबऱ्यापलीकडे ठेवला जाई, ठेवणारा हात चटकन मागे जाई. तिनं त्यात कधी काही वेगळं मानलं नव्हतं. पण त्या चार दिवसांत तिला बोळातले आवाज पाठ झाले होते. पत्र्याचं खरवडणं, झाकण, पुन्हा खरवडणं, डबा डोक्यावर घेताना एक श्वास, मग अनवाणी पावलं. ते कुणाचे आहेत हे तिनं दार उघडून कधी पाहिलं नाही. भिंतीच्या अलीकडे ती, पलीकडे ते खरवडणं, दोघांना सकाळची तीच वेळ नेमून दिलेली. आज तिनं दाराची कडी सोडली. अंगावर सोवळ्याचं होतं. आण्णा, तिचे वडील, भिक्षुक होते. सोवळ्यात असताना सावली टाळायचे. ते आज असते तर काय म्हणाले असते, हा विचार ती करू लागली आणि उत्तराची वाट न बघता तिनं पाऊल बाहेर टाकलं.

वासानं डोळ्यांत पाणी आलं. पायाखाली शेवाळ, मधोमध नाली, दोन्हीकडे घरांच्या पाठी. तिनं ओळखीची घरं कधी अशी पाहिली नव्हती. पुढून व्हरांडे, कुंड्या, नावाच्या पाट्या. मागून सगळ्यांची सारखीच लोखंडी झडप, गुडघ्याएवढ्या उंचीवर. वृंदावहिनींचं घर कुठलं ते कळेना. उजव्या हातातला तांब्या तिनं छातीशी धरला. चौथ्या आळीच्या पाठीशी बोळ वळला, आणि वळणाच्या पलीकडून ती आली.

तरणी होती. पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर डबा, काठोकाठ. कुमुदिनीला बघून तिची पावलं जागच्या जागी अडखळली, डबा डचमळला, तिनं दोन्ही हातांनी तो धरला. “बाई, चुकलात,” ती म्हणाली. “रस्ता पुढच्या अंगाला हाय. इथून नाही.” कुमुदिनी गप्प. ती गप्प का, हे त्या पोरीला कसं कळावं. तिला तो रागच वाटला असणार. ती घाईघाईनं भिंतीला चिकटली, पण चार फुटांत चिकटून किती चिकटणार. मग ती म्हणाली, “थांबा, थांबा बाई, शिवू नका. मी जाते मागं.” आणि त्या ओल्या शेवाळावरून, डोक्यावर ते ओझं घेऊन, तोंड कुमुदिनीकडेच ठेवून, ती उलट्या पावलांनी सरकू लागली. एक पाऊल. दुसरं. तिला सवय होती. आणि कुमुदिनीला एकाएकी दिसलं की या बोळात आजवर जेव्हा जेव्हा दोन माणसं समोरासमोर आली असतील तेव्हा मागे फिरणारं माणूस आधीच ठरलेलं होतं. ते नकाशातच होतं. एक माणूस आणि डोक्यावर डबा. यांच्या त्या सुंदर, सरळ, केसासारख्या रेघेत.

पोरीची टाच नालीच्या काठावरून घसरली.

“मागं फिरू नकोस,” कुमुदिनी म्हणाली.

आवाज खरखरीत निघाला. चार वर्षांत या वेळी या घशातून आवाज निघाला नव्हता. नेम मोडला, हे तिच्या लगेच ध्यानात आलं, आणि आता मोडलाच आहे तर पुरतं बोलून घ्यावं असं वाटलं. “मागं फिरायचं नाही. तुझ्या डोक्यावर भरलेलं आहे, माझ्या हातात भरलेलं आहे. पुढं ये. मीही येते. जमेल.”

“पाणी बाटंल बाई तुमचं.”

“ज्याला घालायचं तो बघून घेईल.”

दोघी आडव्या झाल्या, पाठी भिंतींना लावून, आणि एकमेकींवरून सरकल्या. पोरीचा खांदा कुमुदिनीच्या खांद्याला घासला. घामाचा वास, तंबाखूच्या मिसरीचा, आणि त्या सगळ्यावर तो दुसरा वास. आणि कानाजवळ तिचा तो श्वास, कुमुदिनीच्या चांगल्या ओळखीचा. तांब्यातलं पाणी हललं, सांडलं नाही. डबाही नाही. ओलांडून गेल्यावर दोघींनी वळून बघितलं, म्हणजे कुमुदिनीनं बघितलं आणि ती पोर आधीच बघत होती.

“नाव काय तुझं?”

“जमना.”

“रोज या वेळेला असतेस?”

“असणार की. तुमीच तर रोज भरून ठेवता.” आणि एवढं बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. कुमुदिनीला हसू आलं. बोळ संपेपर्यंत ते येत राहिलं.

देवळात पायऱ्या उतरून खाली गेल्यावर नेहमीचा ओला गारवा अंगावर आला. पाणी घालताना तिनं स्वतःच्या मनाकडे भीत भीत लक्ष दिलं. काही झालं नाही. पिंडीवर पाणी रोज पडतं तसंच पडलं, रोज वाहतं तिकडेच वाहून गेलं. मी बोलले, ती मनात म्हणाली. नेम मोडला माझ्याकडून. गप्प राहिले असते तर ती पोर पडली असती आणि नेम राहिला असता. तुला कुठला हवा होता ते तू बघ. मी उद्या येतेच आहे. देवाशी ती असं कधी बोलली नव्हती.

परत येताना ती बोळातूनच आली, पण घर गाठलं पुढच्या बाजूनं, आळीतून. वृंदावहिनी व्हरांड्यात दूर्वा निवडत होत्या. बातमी तिच्या आधी पोचली होती. “कुमुदताई, तुम्ही त्या बोळातून गेलात? सोवळ्यात?” त्यांच्या आवाजात खरोखरीची काळजी होती. “सडकेनं जायचं होतं हो. आता कायदा झालाय, आमच्याकडे हेसुद्धा काही मानत नाहीत, पण म्हणून काय... शुक्रवारी माझ्याकडे हळदीकुंकू आहे. येताना तेवढी आंघोळ करून या.”

“आंघोळ झालीय वहिनी. सकाळीच,” कुमुदिनी म्हणाली, नेहमीच्याच मऊ आवाजात. “आणि उद्या पुन्हा जाणार आहे. शुक्रवारीही. बोलवायचं की नाही ते तुम्ही त्या हिशेबानं ठरवा.” वृंदावहिनींच्या हातातली दूर्वांची जुडी तशीच राहिली. कुमुदिनीनं घरात येऊन हातपाय धुतले, रोज धुते तेवढेच, आणि पोळ्यांची कणीक घेतली.

शरदचंद्र त्या संध्याकाळी उशिरा आले. चिंतामणरावांनी त्यांना स्टेशनापासून गाठलं होतं. ते बराच वेळ कोट न काढता बसले. “बोळाला फाटक लावतायत,” ते म्हणाले. “कुलूप. किल्ली फक्त त्या बाईकडे.”

“लावू द्या. मी तिच्याकडे मागेन किल्ली.”

त्यांनी मान वर केली. चौदा वर्षांत त्यांनी तिला बहुधा पहिल्यांदाच नीट बघितलं असावं, मोजणीला उभं राहून बघावं तसं. “लोक काय म्हणतील याचा—”

“लोक त्यांचे संडास भरू देणार नाहीत. तेवढी खात्री आहे मला. तो बोळ कुणाला बंद करता यायचा नाही.” ती ताट वाढत होती. “फक्त चार फूट पुरत नाही. समोरून कुणी आलं की एकाला मागं फिरावं लागतं. सहा करा.”

“नकाशा मंजूर होऊन आलाय, कुमुद.”

“बदलापूरचा यायचाय अजून. तिथं सोनिवलीच्या अंगाला काढताय ना कॉलनी? मोजणी कधी तिथली?”

“दिवाळीनंतर. जमीन वाळली की.”

“आत्ता जा.”

“चिखलात?”

“चिखलातच. छत्री घेऊन एखाद्या बांधावर उभे राहा दिवसभर, आणि कोण कोण येतं ते बघा.” मीठ वाढायचं राहिलं होतं ते तिनं वाढलं. ते जेवले. नकाशाची गुंडाळी त्या दिवशी खुंटीवरच राहिली.

सकाळी ती तांब्या भरून निघाली तेव्हा ते ओसरीवर काहीतरी शोधत होते. “माझे जुने कॅनव्हासचे बूट कुठायत?” त्यांनी विचारलं. पाणी भरून झालं होतं, बोलणं बंद झालं होतं. तिनं बोटानं माळ्याकडे दाखवलं आणि मागच्या दारानं बाहेर पडली.

जमना चौथ्या आळीच्या पाठीशी भेटली. आज ती मागे सरली नाही; आडवी झाली, आणि कुमुदिनी तिच्यावरून सरकून पुढे गेली. बोळाच्या तोंडाशी, बांधाच्या बाजूला, विठा उभी होती. पाटी डोक्यावर, पदर नाकाला, एक पाय आत आणि एक बाहेर. “मेले तरी या बोळातना नाय जावाची, असा बोललू होतू काल घरात,” ती पदरातून म्हणाली. “आनि तू बामनाची बाय सोवल्यात चाललीस. आता मी सडकेनं गेलू त गाव हसल मला.” कुमुदिनी बोलू शकत नव्हती. तिनं नुसतं बाजूला होऊन तिला जागा करून दिली. विठा देवाचं नाव घेऊन, शिव्या देऊन, आत शिरली, आणि थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, “ए पोरी, थांब तशीच. हालू नको. माजी पाटी बघ, तुजा डबा बघ.”

बांध ओला होता. वर्दळ थांबल्यापासून दोन-तीन दिवसांतच त्यावर गवताचे कोंब आले होते, पावलाला टोचतील इतके. ती मुद्दाम जोरानं पाय टाकत गेली.

पाणी घालून झाल्यावर ती प्रदक्षिणेला निघाली. शंकराची प्रदक्षिणा अर्धीच असते. पाच वर्षांची असताना आण्णांनी बोट धरून दाखवली होती: गाभाऱ्यातलं पाणी दगडी पन्हळीतून बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं, पन्हळ ओलांडायची नाही, वळायचं. का ओलांडायची नाही, असं तिनं विचारलं होतं. आण्णा म्हणाले होते, “देवाचं पाणी आहे बाळ, इथं मागं फिरावं.” आणि दुसरीकडे कुठं कुठं मागं फिरायचं? तेव्हा तिला हे विचारायचं सुचलं नव्हतं. भिंतीवरच्या झिजलेल्या मूर्तींच्या कडेनं ती चालत गेली, आणि पन्हळीपाशी आली. तिच्या विहिरीचं पाणी आता बेलाच्या दोन पानांबरोबर तिच्यातून वाहत होतं. ती थांबली, हात जोडले, आणि मागे फिरली. आजच्या दिवसातलं मागं फिरणं तेवढंच.